चपटं डोकं आणि मिटलेली मूठ

मंचरमध्ये माझ्या दवाखान्याचा पत्ता विचारताना माझं नाव सांगून काही उपयोग नसायचा. ‘करंटवाल्या बाई कुठं बसतात?’ असं विचारलं, की कोणीही बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानाशेजारचा जिना दाखवायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला, तेव्हा तो शब्द नुसता उच्चारणं हाच लोकांना एक व्यायाम होता. वर दोन खोल्या होत्या. एक लाकडी पलंग, भिंतीला दोरी आणि कप्पी, शेक द्यायचा लाल दिवा आणि लुळ्या स्नायूंना विजेचा हलका झटका देऊन जागं करणारं एक छोटं यंत्र. त्या यंत्रानेच माझं बारसं केलं. वीज गेली की बाईंची विद्याही गेली असं समजून माणसं अर्ध्या जिन्यातून परत फिरायची. खरा इलाज हातांचा आणि रोजच्या व्यायामाचा असतो, हे त्यांना पटवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि ते पूर्ण पटलं असं आजही म्हणवत नाही.

गिऱ्हाईक मुख्यतः शेतातलं. कांदा खुरपून वाकलेल्या कमरा, ट्रॅक्टरवरून पडून मोडलेले आणि जुळून आल्यावर आखडलेले हात, अर्धांगाचा झटका आलेले कर्ते पुरुष. महाळुंगे पडवळचे एक आजोबा धरलेल्या खांद्यासाठी यायचे. बरं वाटल्यावर शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, की बैलाचाही खांदा सुजलाय, त्याला खाली रस्त्यावर आणलं तर वरून वायर सोडता येईल का. मी हसले तर ते म्हणाले, “बाई, माज्यापरीस त्याचा खांदा जास्त कामाचा हाय.” मी त्यांना गुरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे त्यांनी ‘बाईंनी चिठ्ठी दिली न्हाई, पण पाठीवलंय’ असं सांगितल्याचं मला नंतर कळलं.

पण आज मला लिहायचंय ते लहान बाळांच्या डोक्यांबद्दल. माझ्या कामाचा तो अगदी लहान भाग होता, आणि निवृत्तीनंतर मनात सगळ्यात जास्त घोळतो तोही तोच.

बाळाची कवटी जन्मतः मऊ असते. तिची हाडं एकमेकांना पक्की जुळलेली नसतात, कारण आतला मेंदू पहिल्या वर्षात झपाट्याने वाढतो आणि त्याला जागा हवी असते. असं बाळ सतत एकाच अंगावर राहिलं, तर डोक्याची ती बाजू सपाट होते. आमच्याकडच्या लोकांना हे समजावायला मला भोपळ्याचा आधार पुरायचा. वेलावरचा भोपळा ज्या बाजूने जमिनीला टेकलेला असतो, ती बाजू चपटी राहते. कोणी तो अधूनमधून फिरवून ठेवला तर गोल होतो. आणि चपट्या भोपळ्याची भाजी काही वेगळी लागत नाही. इथवर सांगितलं की आयांचे चेहरे सैल व्हायचे. मग मी पुढचं सांगायची. बाळ झोपताना उताणंच असू द्या, पण जागं असताना, तुमची नजर असताना, थोडा वेळ पोटावर ठेवा. कडेवर घ्या, मांडीवर घ्या. ते ज्या बाजूला बघत नाही त्या बाजूने हाक मारा, खुळखुळा वाजवा. मान एका बाजूला आखडली असेल तर ती सैल करायचे व्यायाम मी शिकवायची. बाळ बसायला लागलं, मान धरून जग बघायला लागलं, की डोकं आपोआप भरत जातं. जे थोडं राहतं ते केसांखाली जातं.

“पण पुढं काय व्हईल का?” हा प्रश्न मात्र प्रत्येक आई विचारायची. काही दारात विचारायच्या, जाता जाता, जणू सहज आठवलं म्हणून.

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात एका ओळीत नव्हतं, आणि माझ्या माहितीप्रमाणे आजही नाही. बहुतेक मुलांना पुढे काहीही होत नाही. काहींचा एक कान किंचित पुढे राहतो, कपाळ एका बाजूला थोडं जास्त भरलेलं दिसतं. क्वचित एखाद्या बाळाच्या कवटीचे सांधेच वेळेआधी जुळून आलेले असतात. तो प्रकार वेगळा, त्याला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे तातडीने पाठवावं लागतं. आणि चपट्या डोक्याची काही मुलं रांगण्यात, चालण्यात, शिकण्यात थोडी मागे असतात, हे खरं आहे. पण डोकं चपटं झालं म्हणून ती मागे राहिली, की मुळातच कमी हलत होती म्हणून एका जागी पडून डोकं चपटं झालं? जाणकार यावर अजून वाद घालतात. मी जे पाहिलं त्यावरून माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. त्याचं कारण कळंबची करुणा.

करुणाला तिची आई वंदना माझ्याकडे घेऊन आली तेव्हा ती सात महिन्यांची होती. सोबत वंदनाची सासू, गयाबाई. वंदनाचा नवरा मिलिंद वायरमन होता, दिवसभर खांबांवर, त्यामुळे बाळाला आणायला-न्यायला सासूसुनाच असायच्या. जिना चढून आल्यावर गयाबाईंनी दम खात बाळाचं कुंचडं काढलं आणि डोकं माझ्याकडे वळवून दाखवलं, जसं बाजारात एखादी वस्तू नासकी निघाल्यावर परत करताना दाखवतात.

डोकं मागून उजव्या बाजूला चांगलंच सपाट होतं. उजवा कान डाव्याच्या पुढे आलेला. मी विचारत गेले, वंदना खाली बघून उत्तरं देत गेली. करुणा आठव्या महिन्यातच जन्मली होती. पुण्याच्या एका दवाखान्यात बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी पाठवताना सांगितलं होतं, की जपा, माणसांची गर्दी नको, सारखं या हातातून त्या हातात नको. वंदनाने ते इतकं मनापासून पाळलं, की बाळ दूध पिण्यापुरतं उचलायची आणि परत गोधडीवर ठेवायची. बाळ शांत होतं. रडत नव्हतं, वळवळत नव्हतं. गुणाचं लेकरू म्हणून शेजारच्या बायका कौतुक करायच्या.

मी करुणाला पलंगावर मांडीच्या आधाराने बसवलं आणि समोर खुळखुळा धरला. तिने उजव्या हाताने घेतला. मी तो काढून डाव्या बाजूला नेला. तिने मान वळवली, सगळं अंग वळवलं, आणि उजवा हात आडवा आणून पुन्हा उजव्यानेच घेतला. डावा हात छातीशी दुमडलेला होता. मूठ मिटलेली, अंगठा मुठीच्या आत.

गयाबाई खूश झाल्या. “उजवीय आमची,” त्या म्हणाल्या. “डावरी न्हाई निघाली.”

एवढ्या लहान बाळाला उजवं-डावं नसतं. वर्षाच्या आत बाळ दोन्ही हात सारखेच वापरतं. ते एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हाताचं काहीतरी बिनसलंय असं समजायचं असतं. मी करुणाची डावी मूठ उघडली. ती उघडली, पण चिवटपणे, आणि सोडल्यावर हळूहळू परत मिटली. डाव्या पायाचा घोटाही तसाच ताठ होता.

मी वंदनाला विचारलं, की ही मूठ अशी कधीपासून असते. ती म्हणाली, पहिल्यापासून. तिला वाटलं होतं, लहान बाळांच्या मुठी मिटलेल्याच असतात. बरोबरच होतं तिचं, पहिले दोन-तीन महिने असतातच.

त्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं, की डोक्याची मला फारशी काळजी वाटत नाही, पण हातासाठी पुण्याला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. मिलिंदने दोन दिवसांची रजा टाकली. डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढला. मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागाला जन्माच्या आसपास रक्तपुरवठा कमी पडला होता आणि तो भाग दुखावला होता. शरीराच्या डाव्या बाजूचा कारभार तिथून चालतो. म्हणून डावा हात आणि थोडाफार डावा पाय. तो भाग पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही, पण इजा वाढतही जाणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि व्यायामासाठी परत माझ्याकडे पाठवलं.

आता यात डोक्याचा संबंध कसा आला? डावी बाजू तिच्या लेखी जवळजवळ नव्हतीच, म्हणून ती कायम उजवीकडे बघायची. अंगात हालचाल कमी, म्हणून पडून असायची. त्या दोन्हींमुळे उजवी बाजू चपटी झाली. दुखणं आधीचं होतं, चपटेपणा त्याच्या मागून आला.

हे मी कागदावर चित्र काढून तिघांना समजावलं. मिलिंदला लगेच कळलं. खांबावरची तार तुटली तर घरातला दिवा लागत नाही, यात दिव्याचा काय दोष, असं तो स्वतःच म्हणाला. पण गयाबाईंनी त्यांच्या मनाशी वेगळा हिशोब मांडला होता, आणि ऐकायला तो माझ्या हिशोबापेक्षा सरळ होता. सुनेने लेकरू उचललं नाही. एका अंगावर टाकून ठेवलं. डोकं दबलं. डोक्यात मेंदू असतो, तो दबला. म्हणून हात गेला. चपटेपणा डोळ्यांना दिसत होता, आतली जखम काळ्या-पांढऱ्या फिल्मवर होती आणि ती फिल्म डॉक्टरांशिवाय कोणाला वाचता येत नव्हती. माणूस जे दिसतं त्यालाच दोष देतो.

हे त्यांनी माझ्यासमोर एकदाच बोलून दाखवलं. घरी किती वेळा, ते मला ठाऊक नाही. पण वंदना त्यानंतर माझ्या खोलीत आली की करुणाला पलंगावर ठेवल्याठेवल्या आपला तळहात तिच्या डोक्याखाली सरकवायची. उपचार चालू असेपर्यंत तो तिथेच असायचा. हात अवघडला तरी काढायची नाही.

मी तिला पुन्हा पुन्हा सांगायची. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. तिला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. नववीपर्यंत शिकलेली, चलाख मुलगी होती. कळणं आणि मनातून जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे माझ्या धंद्यात तरी कोणी शिकवलेलं नव्हतं.

करुणाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. तिची डावी मूठ आम्ही घरच्या कामांनी उघडली. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी तिंबायला द्यायचा. मटार सोलायला बसवायचं, कारण एका हाताने शेंग धरल्याशिवाय दुसऱ्याने सोलता येत नाही. ती दीड-पावणेदोन वर्षांची झाल्यावर चालली, डावी टाच जरा उचलून. डोकं तिसऱ्या वर्षापर्यंत पुष्कळ भरलं. शाळेत गणितात ती वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या पुढे असायची. फिट येऊ शकतील असं डॉक्टरांनी बजावलं होतं, सुदैवाने आल्या नाहीत. तिसरी-चौथीत चष्मा लागला, तेव्हा तो नाकावर सारखा तिरका बसायचा, कारण उजवा कान अजूनही डाव्याच्या किंचित पुढे होता. मंचरच्या चष्मेवाल्याने एक काडी गरम करून वाकवली आणि प्रश्न मिटला. तिच्या चपट्या डोक्याचा दूरगामी परिणाम म्हणून मला बोट दाखवता येईल अशी ती एकच गोष्ट, चष्म्याची वाकवलेली काडी. हाताचं तसं नाही. तो आजही कमजोर आहे, दोन हजार सालानंतर ती कॉलेजात गेली तेव्हाही दप्तराचा पट्टा उजव्याच खांद्यावर असायचा. पण त्या हाताचं मूळ वेगळं होतं.

हे मी इतक्या खात्रीने सांगू शकते, कारण मी मंचर सोडलं नाही. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना बाळ दिसतं, त्याची पंधरा वर्षं दिसत नाहीत. मला ती मुलं बाजारात दिसायची, एसटीच्या थांब्यावर दिसायची, पुढे त्यांच्या लग्नाच्या पत्रिका यायच्या. ‘पुढं काय व्हईल’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर माणसाला तिथेच राहावं लागतं.

आणि म्हणूनच एका बाळाची रुखरुख राहिली आहे. पारगावच्या बाजूला साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. अशाच एका टोळीतली तरुण बाई मुलाला घेऊन आली होती. तिला पहाटे फडात जावं लागायचं, आणि मूल दिवसभर बैलगाडीच्या सावलीत पोत्यावर पडलेलं. डोकं मागून फळीसारखं सपाट. मी तपासलं, तर मूल दोन्ही अंगांनी सारखंच सैल वाटलं. फक्त उचलायला कोणी नाही म्हणून तसं, की आणखी काही, हे एका भेटीत ठरवता येत नव्हतं. मी तिला व्यायाम दाखवले, परत बोलावलं. ती एकदा आलीही. मग हंगाम संपला, टोळी गावी गेली. पुढच्या वर्षी दुसरी टोळी आली. ते मूल बसायला लागलं का, चाललं का, हे मला कधीच कळणार नाही. जाताना तिनेही तोच प्रश्न विचारला होता, आणि मी म्हटलं होतं, बघू.

उलट टोकाचं एक गिऱ्हाईक नारायणगावचं. टोमॅटोचे मोठे व्यापारी, मुलगा परदेशात. दिवाळीला नातू आला तो डोक्यावर प्लास्टिकची कडक टोपी चढवून. तिकडे चपट्या डोक्यांना गोल करायला अशी टोपी महिनोन् महिने घालतात. आजोबांनी त्याला माझ्याकडे आणलं ते उपचारासाठी नव्हे, तर ही टोपी काढायची शिफारस मी करावी म्हणून. “मॅडम, लोक विचारतात, पोरगं मोटरसायकलवर आलं का विमानात,” असं ते काकुळतीला येऊन म्हणाले. टोपीचा किती उपयोग होतो याबद्दल मला तेव्हाही शंका होती, पण तिकडच्या डॉक्टरांनी बघून दिलेली, म्हणून मी त्यात ढवळाढवळ केली नाही. पोरगं गुटगुटीत होतं, दोन्ही हातांनी माझा चष्मा ओढत होतं. मी आजोबांना म्हटलं, याची काळजी करू नका, माझ्या चष्म्याची करा.

आता मुख्य गोष्ट.

करुणा पाच वर्षांची असताना वंदनाला दुसरं मूल झालं, मुलगा, राहुल. पूर्ण दिवसांचा, वजनाने भरलेला. मला पेढे आले. मग दोनेक महिने कोणी फिरकलं नाही. करुणाला व्यायामाला आणायचंही बंद झालं. आणि एका सकाळी गयाबाई एकट्याच जिना चढून आल्या. इतक्या वर्षांत त्या एकट्या कधी आल्या नव्हत्या. पाणी दिलं तर भांडं नुसतंच हातात धरून बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. वंदना बाळाला खाली ठेवत नव्हती. जन्मल्यापासून ते तिच्या मांडीवर, खांद्यावर, हातावर होतं. रात्री ती भिंतीला टेकून बसायची आणि बाळ छातीवर घ्यायची. डुलकी लागली की दचकून जागी व्हायची आणि आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, सगळीकडून, गोल आहे का बघायला. मिलिंदने घेतलं तर तो नीट धरत नाही म्हणून काढून घ्यायची. एका हाताने भाकरी खायची. आदल्या दिवशी चुलीपाशी बसल्याबसल्या तिचा डोळा लागला आणि बाळ हातातून निसटलं. गयाबाई शेजारीच होत्या, त्यांनी झेललं.

“सून मरंल माजी,” गयाबाई म्हणाल्या. “न्हाईतर लेकरू.” आणि थोड्या वेळाने, भांड्यात बघत, “मीच बोलले व्हते तवा.”

मी दवाखाना बंद केला आणि त्यांच्याबरोबर कळंबच्या जीपमध्ये बसले.

त्यांचं घर नाशिक रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली कोपऱ्यात वंदना बसलेली. मी तिला क्षणभर ओळखलं नाही. डोळे खोल गेलेले, केस तेलाशिवाय राठ झालेले. राहुल तिच्या खांद्यावर झोपला होता आणि तिचा तळहात त्याच्या डोक्यामागे होता. मला बघून तिने उठायचा प्रयत्न केला, पण पाय मुंग्यांनी बधिर झाले होते.

मी तिच्याशेजारी खाली बसले. बाळाला तिच्या मांडीवरच तपासलं. मान दोन्हीकडे छान वळत होती. पाय सायकल चालवल्यासारखे चालत होते. मी तसं सांगितलं. ती हो म्हणाली. मग मी म्हटलं, आता त्याला इथे गोधडीवर ठेव.

तिने नुसती मान हलवली. नाही.

मी समजावू लागले, तेच सगळं, पाच वर्षांत कितीतरी वेळा सांगितलेलं. माझंच मला पोकळ वाटायला लागलं होतं. तिची बोटं बाळाच्या डोक्यावर आणखी घट्ट झाली. तेव्हा दारापाशी उभ्या असलेल्या गयाबाई पुढे आल्या. गुडघ्यांवर हात ठेवत सुनेच्या समोर खाली बसल्या.

“वंदना,” त्या म्हणाल्या, “मी बोलले ते खोटं व्हतं. पोरीचा हात तुज्यामुळं गेला न्हाई. बाईंनी मला तवाच सांगितलं व्हतं. मला कळलं बी व्हतं.”

वंदना त्यांच्याकडे बघत राहिली. “कळलं व्हतं?”

“व्हय. पर कुनावर तरी घालायचं व्हतं मला.”

 मला वाटलं वंदना रडेल, नाहीतर सासूला काहीतरी बोलेल, आणि बोलली असती तर तिला कोणी दोष दिला नसता.  पण तिने राहुलला मांडीवरून उचललं, दोन्ही हातांवर घेतलं आणि वाकून गोधडीकडे नेलं. टेकवता टेकवता तिच्या थकलेल्या हातांतून शेवटचं बोटभर अंतर बाळ जरा पटकन खाली गेलं.

राहुल दचकला. दोन्ही हात एकदम झटक्यात बाहेर फेकले गेले, दोन्ही पंजे पूर्ण उघडले, दहाही बोटं ताणली गेली, आणि मग दोन्ही हात सावकाश छातीशी परत आले, काही तरी कवेत घ्यावं तसे. लहान बाळ घाबरलं की असंच करतं. वैद्यकाच्या पुस्तकात त्याला नाव आहे, आम्ही मुद्दाम तपासतो ते. दोन्ही बाजूंचा मेंदू ठीक असेल तर दोन्ही हात सारखे उघडतात. मी ते वंदनाला सांगायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. जिने पाच वर्षं करुणाची मूठ उघडली होती, ती बाळाच्या डाव्या हाताकडेच बघत होती.

“दोन्ही उघडले,” ती म्हणाली.

“दोन्ही,” मी म्हटलं.

तिने मला विचारलं, परत एकदा ठेवून बघू का? मी हो म्हटलं. या वेळी ती इतक्या हळू ठेवत होती, की दचकायला काही कारणच उरलं नाही. राहुल शांतपणे उताणा पडून राहिला. वंदनाचे हात त्याच्या डोक्याखाली अडकलेले होते. तिने आधी एक काढला. मग पुष्कळ वेळाने दुसरा.

गयाबाई बाळाच्या पलीकडे मांडी घालून बसल्या. माशा वारायला पदराचं टोक हातात घेतलं आणि म्हणाल्या, “मी हाय. तू नीज.”

वंदना बसल्या जागी आडवी झाली. उशीही घेतली नाही. काही क्षणांत तिचा श्वास संथ झाला. मी जायला हवं होतं, दवाखान्याच्या जिन्यात माणसं थांबली असणार, पण उठून दाराचा आवाज करायचं धाडस होईना. गयाबाईंनी आणि मी तिथेच बसून दुपार काढली. मध्ये राहुल कुरकुरला, तेव्हा त्यांनी त्याची मान दुसऱ्या बाजूला वळवली, मी कधीकाळी शिकवली होती तशीच.

दुपार कलल्यावर बालवाडीतून करुणा आली. उजव्या हातात पाटी, डाव्या कोपरात चपला दाबून धरलेल्या. दारातच ओरडून हाक मारणार होती, पण आजीने ओठांवर बोट ठेवलं. करुणाने आत बघितलं. आई दिवसाची जमिनीवर आडवी झालेली तिने बहुधा बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तिने हळूच विचारलं, “आई आजारीय?”

“न्हाई,” गयाबाई म्हणाल्या. “झोपलीय.”

करुणाने पाटी भिंतीला लावून ठेवली, चपला आवाज न करता खाली सोडल्या, आणि आईच्या पाठीला पाठ लावून तीही लवंडली.